दुसरी झेरॉक्स

मेची दुपार. कूलरचा वाळा सुकून कडक,
डोमाजी बादली घेऊन खाली गेलेला,
आणि माझ्या टेबलावर माहिती अधिकाराचे दोन अर्ज.
दोन्हींवर दहा-दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट,
दोन्हींखाली "आपला विश्वासू".

पहिला मानेवाड्याच्या कोणाचा तरी.
कु. मृण्मयी, बी.एस्सी. भाग दोन :
हजेरी किती, मार्क किती, घरचा पत्ता,
फॉर्मवर फोन नंबर कोणाचा दिला आहे.
कारण विचारायचा मला हक्क नाही.
त्यानंच समासात लिहून ठेवलंय,
"सोयरीक करायची आहे, खात्री असलेली बरी."
अक्षर मोत्यासारखं.

दुसरा पाचपावलीच्या भूपेश मेंढेचा,
इथलाच जुना पोरगा.
तीन वर्षांची शिष्यवृत्ती कोणाला मिळाली, कोणाची अडकली,
यादी पाहिजे.
यादी आहे.
एकशे बेचाळीस नावं, पुढे जात, पुढे बापाचं उत्पन्न,
आणि सत्तावीस जणांच्या पुढे
रकमेची जागा कोरी.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दोघांलेही एकच उत्तर द्या.
खासगी माहिती आहे म्हना. झालं ना बाप्पा."
कलम त्यांना आजच पाठ झालं होतं.
सत्तावीस कोऱ्या जागा झाकायला
एकशे बेचाळीस पोरांची अब्रू
बरी सापडली.

मला याच जिन्याखालचा बोर्ड आठवतो.
सत्त्याऐंशी साल, फीमाफीची यादी, चार टाचण्या.
सोनकुसरे कुंदा. वडील : हातमाग.
वार्षिक उत्पन्न : चार हजार दोनशे.
गोळीबार चौकात आमच्या मागाची खटखट
अख्ख्या गल्लीला ऐकू जायची, तिची लाज नव्हती.
पण त्या दिवसापासून वर्गातली एक मुलगी
मला तिच्या डब्यातलं अर्धं देऊ लागली.
चांगली होती ती.
मी चार महिने तिला सांगत राहिले,
आज उपास आहे.

पहिल्या अर्जाला नकार लिहिला, दोन ओळींत.
मग मृण्मयीला बोलावलं.
आपल्याबद्दल कोणी विचारतंय
हे ज्याचं त्याला कळायला नको?
नाव मी हाताखाली झाकलं होतं.
तिनं अक्षर ओळखलं.
बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढंच,
"मॅडम, फॉर्मवरचा पत्ता बदलता येतो का?"

दुसऱ्यासाठी मार्कर घेतला.
नावं काळी, रोल नंबर काळे.
पान खिडकीशी धरलं, तर नागपूरचं ऊन ते,
काळ्याखालून एकेक नाव वर आलं
जसं काही हजेरी घेतेय.
म्हणून काळ्या पानांची पुन्हा झेरॉक्स.
आता उन्हालाही वाचता येत नाही.

तरी एक ओळ राहिलीच.
भूगर्भशास्त्र, आदिवासी, मुलगी, एक.
नाव पुसलं तरी ती तिथे एकटीच उभी,
गडचिरोलीहून आलेली, हॉस्टेलच्या कोपऱ्यातल्या खोलीतली,
सगळ्या कॉलेजला माहीत.
तिचा विषयही काळा केला.
रक्कम ठेवली. म्हणजे, कोरी जागा ठेवली.

सत्ताविसांतल्या एकाही कोऱ्या जागेला
मी मार्कर लावला नाही.
प्राचार्यांनी सही करताना पेन दोनदा झटकला,
शाई होती त्यात.

पहिली प्रत रद्दीत टाकली नाही.
परवाच ठेल्यावर तर्रीपोह्याच्या प्लेटीखाली
कोणाची तरी मार्कशीट निघाली होती,
नापास विषयावर तेलाचा डाग.
नखाएवढे तुकडे केले, घरी नेले,
पर्समध्ये सगळीकडे अजून निघतात.

भूपेश आला. अकरा पानं, बावीस रुपये, पावती.
त्यानंही पान खिडकीशी धरलं,
माणसाची सवयच ती.
मी पाहत होते.
काही दिसलं नाही, तेव्हा जरा ओशाळला
आणि बोट ठेवून कोऱ्या जागा मोजू लागला.
"सत्तावीस?"
"सत्तावीस."
"याच्यात माझ्या बहिणीची कोणती, मॅडम?"

डोमाजीनं कूलरमध्ये पाणी ओतलं.
वाळ्याचा वास आला.
मी म्हटलं, "तिला येऊ दे.
तिची तिला सांगीन."